स्वस्तातले पिस्तूल, महागातला हिशेब

शेतीखात्याच्या माणसाला गावात काय विचारले जाईल याचा नेम नसतो. पंप कोणता घ्यावा, फवारणीचा नोझल कुठला चांगला, पॉवर टिलरचे सुटे भाग मिळतील का, हे रोजचेच. परंतु अलीकडे जूचंद्र, चंद्रपाडा, बापाणे, कामण या पट्ट्यात आणखी एक प्रश्न हळू आवाजात कानावर येतो. "साहेब, एखादं कमी किमतीतलं पिस्तूल घ्यावं म्हणतो. टिकेल का? पैसे वसूल होतील का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जमिनीचे व्यवहार वाढले, घरात रोकड आली, मुलूख अनोळखी माणसांनी भरला, रात्री मिठागराच्या बांधावरून एकट्याने यायचे म्हटले की मनात धास्ती बसते. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या गावांत रानडुकरांचा त्रास आहे. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर वसईच्या किल्ल्यात बिबट्या मुक्काम ठोकून होता आणि त्याला पकडायला वनखात्याला कित्येक दिवस लागले. तेव्हा हत्याराचा विचार माणसाच्या मनात येतो, त्यात नवल नाही. म्हणूनच जसा पंपाचा हिशेब मांडतो तसाच या वस्तूचाही मांडू. वस्तू काय, काम काय, किंमत किती आणि ऐन वेळी ती चालणार का?

बाजारात आहे तरी काय?

आपल्या देशात पिस्तुलाचा बाजार किराणा दुकानासारखा उघडा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीतच सारे चालते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सिनेमात दिसते, पण सामान्य नागरिकासाठी ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. परदेशी हत्यारांची खाजगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. म्हणून जुनी विलायती पिस्तुले हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत हत्याराच्या गुणापेक्षा दुर्मिळपणावर ठरते. त्यांचे सुटे भाग मिळणे कठीण. चाळीस-पन्नास वर्षांचे इंजिन केवळ परदेशी आहे म्हणून कोणी नव्याच्या दुप्पट भावाने घेत नाही. मग पिस्तुलाच्या बाबतीत ती चूक का करावी?

राहिला देशी माल. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याचे .३२ बोअरचे 'अशनी' पिस्तूल आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यांची .३२ ची रिव्हॉल्व्हरे ही सामान्य परवानाधारकाच्या आवाक्यातली नावे. २०१४ साली कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात होती. ईशापूरचे .२२ चे 'निडर' त्याच्याहून हलके, साधारण २५० ग्रॅमचे, आणि सुरुवातीची किंमत ३५ हजारांच्या आसपास. २०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाची रिव्हॉल्व्हरे उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात बनू लागली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरचे 'प्रबल' आले. १ ऑक्टोबर २०२१ पासून जुने आयुध निर्माणी मंडळ राहिलेले नाही. त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि ही हत्यारे त्यांपैकी एका कंपनीकडे गेली.

थोडक्यात, कायदेशीर मार्गाने घ्यायचे तर "स्वस्त" हा शब्दच लंगडा आहे. त्यावर कर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर ४० टक्के जीएसटी आहे. पानमसाला आणि चैनीच्या नौका ज्या खान्यात, त्याच खान्यात पिस्तूल. त्याच दिवशी ट्रॅक्टर, ठिबक आणि तुषार संचावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे कारखान्यातून १ लाखाला निघालेल्या पिस्तुलावर सरकारला ४० हजार द्यायचे आणि १ लाखाच्या तुषार संचावर फक्त ५ हजार. सरकारच्या लेखी कोणती वस्तू गरजेची आणि कोणती हौसेची, हे यावरून उमगावे.

भरवसा कशावरून ठरवायचा?

किंमत कळली, आता गुण पाहू. फवारणी पंप दुकानात झकास चालतो, पण त्याची परीक्षा पावसात, चिखलात, तिसऱ्या हंगामात होते. पिस्तुलाचेही तसेच. चकचकीत पॉलिश आणि मुठीवरची नक्षी म्हणजे भरवसा नव्हे. भरवसा म्हणजे चाप ओढला की प्रत्येक वेळी काडतूस फुटले पाहिजे, आणि चाप ओढला नसताना एकदाही फुटता कामा नये. यातला दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण खरेदी करताना नेमका तोच विसरला जातो.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोरावर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत चढवते. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून बिघाडाची ठिकाणेही ठरलेली: पुंगळी अडकणे, नवे काडतूस वाकडे चढणे, स्प्रिंग मऊ पडणे. त्यातला बराचसा दोष पिस्तुलाचा नसतो, मॅगझिनचा असतो. मॅगझिनच्या पत्र्याचे वरचे ओठ जरा वाकले तरी चांगले पिस्तूल रडू लागते. कमी किमतीच्या मालात कारखानदार काटकसर करतो ती मुख्यतः इथेच, म्हणजे मॅगझिनचा पत्रा, स्प्रिंगचे पोलाद आणि कडांची सफाई यांत.

रिव्हॉल्व्हरचे यंत्र वेगळे. त्यात फिरणारे चाक असते. एक काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढला की दुसरे समोर येते. मॅगझिन नाही, पुंगळी फेकण्याची भानगड नाही. वर्षाकाठी एकदाही सराव न करणाऱ्या माणसासाठी, आणि आपल्यातले बहुतेक परवानाधारक असेच असतात, त्याच किमतीत रिव्हॉल्व्हर अधिक भरवशाचे. पिस्तुलात गोळ्या एखाद-दोन जास्त मावतात, ते चपटे असल्याने कमरेला कमी जाणवते, इतकाच त्याचा फायदा. त्या फायद्यासाठी हाताला वळण लागेपर्यंत सराव हवा. तो करायचा नसेल तर जादा गोळ्यांचा उपयोग शून्य.

आता काडतुसाची गोष्ट. आपल्याकडे दोन्हीला सरसकट "बत्तीस" म्हणतात. पण .३२ पिस्तुलाचे काडतूस (म्हणजे ७.६५ मिलिमीटरचे) आणि .३२ रिव्हॉल्व्हरचे लांब काडतूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकाच्या जागी दुसरे वापरायचे नाही. घेताना डब्यावरचे नाव नीट वाचून घ्यावे. आपल्याच पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथल्या काडतुसावर 'केएफ' ही अक्षरे असतात. परवान्यावर लिहिलेल्या संख्येपलीकडे काडतुसे मिळत नाहीत, आणि मिळतात ती स्वस्त नसतात. बी-बियाण्याची उगवण शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहतो, तसे पिस्तूल शंभर गोळ्या झाडून पाहणे परवडत नाही. म्हणजे ही वस्तू पारखण्याचा खर्चदेखील किमतीत धरला पाहिजे.

तरीही घेताना एवढे पाहता येते. कारखान्यात जास्त दाबाचे काडतूस उडवून घेतलेल्या चाचणीचा शिक्का नळीवर आहे का? नळीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का? रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड हाताने मागे ओढली तर कुठे अडखळते का? खटका लावल्यावर चाप खरोखर मेलेला राहतो का? जादा मॅगझिन आणि स्प्रिंग मिळतील का, आणि परवानाधारक दुरुस्ती करणारा किती लांब आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा समजावा. ज्या यंत्राचा मिस्त्री तालुक्यात नाही, ते यंत्र शेतकऱ्याने घेऊ नये, हे आम्ही पंपाच्या बाबतीत वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.

खारी हवा

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. जूचंद्रच्या भोवती मिठागरे आणि खाडी. इथे विळ्याला दोन दिवसांत तांबेरा चढतो, पंपाचे नटबोल्ट हंगामाअखेर निघत नाहीत. पिस्तूलही लोखंडच. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवले की चामडे ओल धरते आणि पावसाळा संपेतो त्याच आकाराचा गंज उठतो. ते म्यानाबाहेर, कोरड्या कापडात, हलका तेलाचा हात फिरवून ठेवावे आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहावे. काडतुसांना मात्र तेल लावू नये. तेल आत झिरपले तर काडतूस फुसके होते. नळीत दिसेल न दिसेल असा गंजदेखील स्वस्त पिस्तुलाला वर्षभरात बिनभरवशाचे करतो.

अमेरिकेतला धडा

स्वस्त पिस्तुलांचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेच्या गाठी आहे. तिथे १९६८ च्या कायद्याने लहान, हलक्या परदेशी पिस्तुलांची आयात रोखली. मग १९७० पासून कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या आसपास ती पिस्तुले घरच्या घरी बनवणारे कारखाने निघाले. पोलादाऐवजी जस्ताचा ओतीव मिश्रधातू, कमीत कमी भाग, किंमत अगदी खाली. त्यातल्या ब्रायको कंपनीच्या एका पिस्तुलाची रचना अशी होती की ते रिकामे करायचे तर सुरक्षेचा खटका आधी उघडावा लागे. १९९४ साली एका घरात असेच पिस्तूल रिकामे करताना गोळी सुटली आणि ७ वर्षांचा मुलगा कायमचा पांगळा झाला. २००३ मध्ये ज्युरीने कंपनीलाही जबाबदार धरले आणि कंपनीने दिवाळे काढले. पण त्या मुलाचे पाय काही परत आले नाहीत.

याच देशात दुसरेही उदाहरण आहे. ओहायो राज्यातील हाय-पॉइंट कंपनीची पिस्तुले कुरूप, जड आणि अतिशय स्वस्त. जस्ताच्या मिश्रधातूचीच, पण स्लाइड मुद्दाम जाडजूड ठेवलेली, आणि कंपनी आयुष्यभर दुरुस्तीची हमी देते. लोक चेष्टा करतात, पण पिस्तूल चालते. म्हणजे स्वस्त तितके सगळे वाईट असे नाही. काटकसर कुठे केली हे पाहायचे. दिसण्यात केली असेल तर हरकत नाही. खटक्यात, नळीत आणि मॅगझिनमध्ये केली असेल तर ती वस्तू फुकट मिळाली तरी महाग.

सर्वांत स्वस्त ते सर्वांत घातक

एवढे सांगूनही कोणीतरी कानात कुजबुजतोच, "परवान्याच्या नादी कशाला लागता? काही हजारांत काम होईल." हा माल कुठला ते सर्वांना ठाऊक आहे. बिहारमधील मुंगेर असो की आपल्या जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेले उमर्टी असो, गावठी कट्ट्यांच्या बातम्या याच नावांनी येतात. असल्या पिस्तुलाला ना दाबाची चाचणी, ना पोलादाचा पत्ता. काडतुसाचा दाब नळीला झेपला नाही तर फुटते ती नळी, आणि ती असते आपल्या मुठीत.

शरीर वाचले तरी कायदा सोडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना अग्निशस्त्र नुसते बाळगले तरी किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आहे. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. जमिनीचा एक वाद, भावकीतली एक तक्रार, आणि कपाटातला कट्टा पंचनाम्यावर येतो. सातबारा सांभाळण्यासाठी घेतलेली वस्तू सातबारा विकून वकील लावायची पाळी आणते.

परवाना असलेल्यांनीही हुरळून जाऊ नये. आपल्याकडे हळदीच्या रात्री उत्साहाला भरते येते. त्या भरात हवेत बार काढला आणि दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असे २०१९ पासून कायद्यात स्पष्ट आहे. वर गेलेली गोळी खाली येते, हे सांगायला कायद्याची गरज पडू नये.

शेताच्या राखणीला पिस्तूल?

आता आमच्या खात्याचा मुद्दा. रानडुकरासाठी पिस्तूल घेतो म्हणणाऱ्याला एकच सांगणे: ते पैसे पाण्यात. .३२ पिस्तुलाची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची. अंधारात, भाताच्या बांधावर उभे राहून, धावत्या जनावरावर पिस्तुलाचा नेम दहा-पंधरा पावलांपलीकडे लागत नाही. लागलाच तर डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर काय करते हे वाडा-विक्रमगडकडच्या माणसाला विचारावे.

कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. १९५९ च्या अधिनियमातील कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, आणि ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. पिस्तुलासाठी मात्र वेगळे, सबळ कारण दाखवावे लागते. आणि बंदूक असली म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली असे नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयाने हे अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत आणले आहेत. मारलेले जनावर सरकारी मालमत्ता असते. त्याची वाटणी केली की गुन्हा. बिबट्या तर पहिल्या अनुसूचीत आहे. तो दिसला तर वनखात्याला फोन करायचा, हात हत्याराकडे न्यायचा नाही. पीक गेले असेल तर नुकसान दिसताच वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा मागावा. भरपाईचा हक्क शेतकऱ्याचा आहे, तो पिस्तुलाच्या नादात बुडवू नये.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

पोलीस पाटील, सरपंच, तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) यांच्याकडे अशा अर्जाची चौकशी किंवा चर्चा येतेच. त्यांनी अर्जदाराला काही गोष्टी आधीच सांगाव्यात. जूचंद्र १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे, म्हणून अर्ज तिकडे. आयुक्तालयाबाहेरच्या पालघर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय २१ पूर्ण हवे. हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. परवाना आता ५ वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघू शकतो. मालक वारला तर वारसांनी ते कपाटात ठेवून चालत नाही, जमाच करावे लागते. आणि विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक परवानाधारकच लागते. ट्रॅक्टर अडीनडीला मोडून पैसा उभा करता येतो, तशी ही वस्तू नाही.

चौकशी करताना कागदाबरोबर घरही पाहावे. घरात रोजची दारू आहे का, भावाभावांत जमिनीचे भांडण पेटले आहे का, कुलूपबंद कपाट आहे का, लहान मुले किती? "चांगला माणूस आहे" एवढे एक वाक्य लिहून मोकळे होणे सोपे, पण पुढे काही घडले तर ते वाक्य आयुष्यभर टोचते.

हिशेबाची बेरीज

तर स्वस्तातले पिस्तूल घ्यावे का? जिवाला खरोखर, नाव घेऊन सांगता येईल असा धोका असेल, परवाना रीतसर मिळत असेल आणि वर्षातून दोनदा तरी सराव करण्याची तयारी असेल, तर सरकारी कारखान्याचे चाचणी झालेले साधे रिव्हॉल्व्हर घ्यावे. पिस्तूलच हवे असेल तर जादा मॅगझिनसह, नवे आणि पावतीचे घ्यावे. कुलूपबंद कपाटाचा खर्च किमतीतच धरावा. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही, नळीत एक काडतूस राहू शकते, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवे.

धोका नुसता अंदाजाचा असेल तर त्याच दीड लाखात अंगणात आणि वाड्यावर चांगले दिवे, पक्के दार, कुत्रा आणि शेताला कुंपण एवढे सगळे होते, आणि उरलेल्या रकमेत ठिबकसुद्धा बसते. रोकड घरात ठेवण्याऐवजी बँकेत ठेवली तर राखण करायची वस्तूच कमी होते. पंप बिघडला तर एक पाणी चुकते. पिस्तूल बिघडले, किंवा भलत्या वेळी चालले, तर चुकते ते माणूस. म्हणून या खरेदीत घासाघीस किमतीची करू नये, गरजेची करावी.